वायरींचा खोका



दोहा सोडून जाणारं कुटुंब आपल्याकडे तीन गोष्टी ठेवून जातं. एक मनी प्लँट, एक इस्त्रीचं टेबल आणि एक वायरींचा खोका. मनी प्लँट एसीतही तग धरतो, इस्त्रीचं टेबल नव्याने आलेल्या कुणाला तरी देता येतं. खोका मात्र मुक्कामाला येतो. "राहू दे रे, कधीतरी लागेल" असं म्हणून देणारा देतो आणि आपणही तेवढंच मनात म्हणून घेतो. २०१५-१६ मध्ये तेलाचे भाव पडले आणि नोकऱ्या गेल्या तेव्हा आमच्याकडे असे दोन खोके आले. जून २०१७ मध्ये शेजारी देशांनी नाकेबंदी केली, त्यानंतर एक आला. २०२० मध्ये आणखी एक. आमच्या बिन महमूदच्या फ्लॅटमधल्या कपाटाचा अख्खा खालचा कप्पा या चार कुटुंबांच्या वायरींनी भरून गेला. सौ.चं म्हणणं, यांची माणसं परत गेली, पण आतडी इथेच राहिली.

रमजानात ऑफिस लवकर सुटतं. बाहेर जाऊन करायचं काय, म्हणून यंदा ते चारही खोके हॉलमधल्या सतरंजीवर ओतले. आत काय काय निघालं म्हणून सांगू! क्यूटेलच्या काळातले फोनलाइनचे एडीएसएल फिल्टर (क्यूटेलचं ऊरेडू झालं २०१३ साली, आणि फायबर आल्यावर ते फिल्टर कुणी विचारेनासं झालं). नोकियाच्या बारीक पिनचे सहा चार्जर. आयफोनची ती जुनी रुंद तीस पिनांची वायर. व्हीसीआर-डीव्हीडीच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी. डिशची जाड काळी केबल, बहुधा गच्चीपासून चौथ्या मजल्यापर्यंत पुरेल एवढी. आणि या सगळ्याला घट्ट धरून ठेवणारे, नखाने न सुटणारे, पिवळट पडलेले नायलॉनचे केबल टाय. त्यातले अर्धे तर नुसतं वाकवल्यावर कट्कन तुटले.

मी व्यवसायाने इन्स्ट्रुमेंटेशनचा माणूस. प्लँटमध्ये आमच्या प्रत्येक केबलला नंबर असतो, तो दोन्ही टोकांना लावलेला असतो आणि ड्रॉइंगवरही असतो. बिननंबरची केबल म्हणजे बिनआडनावाचा माणूस, कुठून आला ते कळत नाही. घरी मात्र आमच्यापैकी बहुतेकांच्या टीव्हीमागे डोकावून बघा. दिवसभर दुसऱ्याच्या शेकडो केबली ओळीत लावणारा माणूस घरी आला की टीव्हीमागे हात घालायला घाबरतो. याचं कारण आळस असं मला वाटत नाही. भाड्याचं घर, भिंतीला भोक पाडायचं तर घरमालकाला विचारा, आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा घर बदला. जे उद्या सोडायचंय ते आज कशाला आवरायचं, असा तो हिशोब असतो. माझं मत बरोबर उलटं आहे. उद्या सोडायचंय म्हणूनच आज असं बांधायला हवं, की ते कुणालाही सोडवता येईल.

इथे केबल टायचा थोडा इतिहास सांगतो, कारण तो समजला की हा प्रकार कुठे वापरायचा आणि कुठे नाही हे आपोआप कळतं. थॉमस अँड बेट्स या अमेरिकन कंपनीतले मॉरस लोगन १९५६ साली बोईंगच्या कारखान्यात गेले होते. विमानातल्या हजारो फूट वायरी तेव्हा लांबलचक प्लायवुडच्या फळ्यांवर मांडून, मेण लावलेल्या नायलॉनच्या दोऱ्याने गाठी मारून बांधत. प्रत्येक गाठ बोटाला दोरा गुंडाळून आवळायची. कामगारांची बोटं कापायची आणि पुढे त्यांना घट्टे पडायचे. गजरे बांधणाऱ्या बाईची बोटं ज्यांनी जवळून पाहिलीत त्यांना हे वेगळं सांगायला नको. लोगननी १९५८ मध्ये आपल्या टायच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 'टाय-रॅप' बाजारात आला. पहिल्या नमुन्यात अडकवायला धातूचा छोटा दात होता, पुढे सगळंच नायलॉनचं झालं.

म्हणजे ही वस्तू जन्माला आली ती विमानासाठी. एकदा बांधलं की हादरे बसोत, थंडी पडो, सुटता कामा नये, हाच तिचा धर्म. तिच्या डोक्यातली जीभ पट्टीवरच्या दातांवरून एकाच दिशेने सरकते. आपलं घर म्हणजे विमान नव्हे. आपल्या टीव्हीमागे दर सहा महिन्यांनी काहीतरी निघतं आणि काहीतरी लागतं. तिथे न सुटणारी गाठ काय कामाची?

तरीही टाय लागतातच, त्यामुळे ते कसे ठेवायचे ते आधी सांगतो. हे फारसं कुणी सांगत नाही. हे टाय बहुधा नायलॉन ६-६ चे असतात, आणि नायलॉनचा लवचिकपणा बराचसा त्याने शोषलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. नेहमीच्या दमट हवेत त्यात वजनाच्या साधारण अडीच टक्के पाणी असतं. ते उडून गेलं की टाय ठिसूळ होतो, आवळताना डोक्यापाशी तुटतो. कारखान्यातून येणारी पिशवी म्हणूनच सीलबंद असते. आपण काय करतो? पिशवीचं एक टोक दाताने फाडतो, चार टाय काढतो आणि उघडी पिशवी ड्रॉवरमध्ये टाकतो. वर चोवीस तास एसी, म्हणजे कोरडी हवा. किंवा त्याहून वाईट म्हणजे गाडीच्या डिकीत ठेवतो. दोह्यात जुलै २०१० मध्ये ५०.४ अंशांची नोंद झाली होती, आणि ती सावलीतली. उन्हात उभ्या गाडीच्या आत काय होत असेल ते आपण सगळे दार उघडताना अनुभवतोच.

तेव्हा उपाय साधा. पिशवी उघडल्यावर टाय झिपवाल्या जाड पिशवीत घालायचे, हवा काढून बंद करायची आणि कपाटात, अंधारात ठेवायची. जुने कडक झाले असतील तर त्याच पिशवीत चमचाभर पाणी टाकून दोन-तीन दिवस तसेच ठेवा, बरेचसे पुन्हा मऊ होतात. पिवळे पडलेले मात्र गेलेले असतात, त्यांच्यावर पाणी घालून उपयोग नाही.

आकारांसाठी माझी व्यवस्था अशी. १०० मिलिमीटरचे बारीक टाय व्हिटॅमिनच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत. २०० मिलिमीटरचे अगरबत्तीच्या रिकाम्या पुड्यात. अगदी मापाने शिवल्यासारखे बसतात, शिवाय टायना मोगऱ्याचा वास येतो :-) ३०० मिलिमीटरचे कागदपत्रांच्या ए-फोर फोल्डरमध्ये आडवे. प्रत्येकावर बाहेरून लांबी लिहिलेली. ताकदीचं म्हणाल तर अडीच मिलिमीटर रुंदीचा टाय साधारण आठ किलो ओढ सहन करतो, साडेतीनवाला अठरा आणि पावणेपाचवाला बावीस. घरातल्या कामाला अडीच-साडेतीनच्या वर जायची गरज मला तरी क्वचितच पडली.

पांढरा की काळा? नजमातल्या हार्डवेअरच्या दुकानातला मल्याळी शेठ हाच प्रश्न विचारतो, "भाई, अंदर का काम है या बाहर का?" आणि हा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. पांढरा टाय उन्हात फार काळ टिकत नाही. बाल्कनीत डिशची केबल रेलिंगला पांढऱ्या टायने बांधली तर इथला एक उन्हाळा गेला की खाली त्याचे तुकडे मिळतात. काळ्यात कार्बनची पूड मिसळलेली असते, ती ऊन अडवते. पण नुसता काळा रंग दिलेले टायही बाजारात असतात, म्हणून पाकिटावर अतिनील किरणांपासून बचावाचा उल्लेख आहे का, ते बघून घ्या. दोन रियाल जास्त गेले तरी चालतील.

शेपूट कापायचं ते नेलकटरने. कात्रीने कापलं की तिरकं टोक राहतं आणि पुढच्या वेळी टीव्हीमागे हात घातला की ब्लेडसारखं लागतं. नेलकटर डोक्याला सपाट लावून कापलं की बोट फिरवलं तरी काही जाणवत नाही. आणि टाय न कापता सोडवायचा असेल तर घड्याळजीचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर किंवा साडीची पिन डोक्यातल्या जिभेखाली सरकवा आणि पट्टी मागे ओढा. जीभ उचलली की सगळं अलगद सुटतं. तोच टाय पुन्हा वापरता येतो, पण जबाबदारीच्या जागी नको.

आता टाय कुठे नकोच, ते. फायबरच्या पिवळ्या किंवा पांढऱ्या बारीक केबलला कधीच नाही. तिच्या आत काच आहे, ती आवळली किंवा फार वाकवली की प्रकाश बाहेर गळतो, आणि मग आपण तासभर कस्टमर केअरच्या संगीतावर जातो. इंटरनेटच्या निळ्या-करड्या केबलीतही तारांच्या जोड्या ठरावीक पिळाच्या असतात, आवळून चपट्या केल्या की वेग पडतो. चार्जरच्या वायरी रोज काढाव्या-घालाव्या लागतात. या सगळ्यांना वेल्क्रोची पट्टी. एक रोल आणायचा आणि हवा तेवढा तुकडा कापायचा. ते नसेल तर आपल्या आज्यांनी वापरलेलं साधन आहेच. जुन्या साडीच्या काठाची वीतभर चिंधी किंवा पेटीकोटची नाडी, सुरगाठ मारून. माझ्या आजीकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात किराण्याच्या पुड्यांचे दोरे गुंडाळून ठेवलेले असत. त्या डब्याला आम्ही हसायचो. आता माझा व्हिटॅमिनच्या बाटलीतला साठा बघून माझी मुलगी हसते.

इथवर सगळं नीटनेटकेपणाचं झालं. पण वायरींचा गुंता हा काही फक्त दिसायला वाईट म्हणून आवरायचा नसतो. इथे थोडं गंभीर होतो.

कतारमध्ये भिंतीतलं सॉकेट ब्रिटिश पद्धतीचं, तीन चौकोनी भोकांचं. यातली वरची अर्थची पिन लांब असते. ती आधी आत शिरते आणि खालच्या दोन भोकांवरचे पडदे उघडते. मुलांनी बोट किंवा तार घालू नये म्हणून ही योजना. शिवाय प्लगच्या पोटात फ्यूज असतो, बारीक उपकरणाला तीन अँपिअरचा, मोठ्याला तेराचा. आपण भारतातून आणलेल्या दोन गोल पिनांच्या चार्जरला हे दोन्ही नाही. मग आपण काय करतो ते सर्वांना माहीत आहे. बॉलपेनाचं टोपण किंवा टूथपिक वरच्या भोकात खुपसायची, पडदे उघडायचे आणि गोल पिना खाली दाबायच्या. दोह्यातल्या मराठी घरांत (आणि मल्याळी आणि फिलिपिनो घरांतसुद्धा) ही कला पिढीजात झाली आहे.

पण यात होतं काय, तर भिंतीतल्या लाइनचा ब्रेकर बहुधा वीस किंवा बत्तीस अँपिअरचा असतो. तुमच्या चार्जरची केसासारखी वायर आत शॉर्ट झाली तर तिला वाचवणारा प्लगमधला फ्यूज तिथे नसतोच. गोल पिना चौकोनी भोकात सैल बसतात, त्यांच्यापाशी ठिणगी पडते, प्लास्टिक तापतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरातलं चार वर्षांचं पोर हे सगळं बघत असतं. सॉकेटमध्ये काहीतरी खुपसलं की ते चालू होतं, हे शिक्षण त्याला आपणच देतो. फ्यूज असलेला चांगला ॲडॉप्टर पंधरा-वीस रियालला येतो. चार खोक्यांतून निघालेले दोन गोल पिनांचे सगळे चार्जर मी त्याच संध्याकाळी वायर कापून टाकून दिले, कुणी उचलून वापरू नये म्हणून.

दुसरं एक्स्टेन्शनचं. तेरा अँपिअर गुणिले दोनशे चाळीस व्होल्ट, म्हणजे तीन हजार वॉट आणि थोडं वर. इथली पाण्याची किटली एकटीच तीन हजारापर्यंत जाते. त्याच बोर्डावर टोस्टर लावला की हिशोब संपला. आणि उरलेली लांब वायर सुबक वेटोळं करून टायने आवळून कपाटामागे टाकलेली असेल तर ती उष्णता जाणार कुठे? वायरच्या रिळांवर उलगडून किती वॉट आणि गुंडाळून किती वॉट असे दोन वेगळे आकडे छापलेले असतात, ते उगाच नाहीत. तेव्हा मोठ्या उपकरणाची वायर वेटोळ्यात बांधायची नाही, सैल नागमोडी ठेवायची. तशी दिसायला बरी नसते, तरी.

२८ मे २०१२ ला विलाजिओ मॉलला आग लागली तेव्हा मी इथेच होतो. १९ जण गेले, त्यातली १३ लहान मुलं होती, मॉलमधल्या पाळणाघरातली. चौकशीत आगीचं मूळ निघालं ते एका दुकानातल्या ट्यूबलाइटच्या वायरिंगमधला बिघाड. तेवढी मुलं जायला इतरही अनेक कारणं होती, दारं, धूर, वाटा, सगळंच. पण सुरुवात एका दिव्याच्या वायरपासून. त्या आठवड्यात दोह्यात मुलं असलेल्या प्रत्येक घरात बापमाणसं सोफ्यामागे वाकून बघत होती, हे मला पक्कं आठवतं. पुढे ते विसरायलाही झालं. माणूस कायमचा वाकून राहू शकत नाही.

आता तिकडच्या घराबद्दल. आपल्यातल्या बहुतेकांची दोन घरं असतात, एक इथलं भाड्याचं आणि एक तिकडचं आईवडिलांचं. गुंता खरा तिकडे असतो, कारण तो आपणच पाठवलेल्या वस्तूंनी वाढत जातो. टीव्ही आपण घेऊन दिला, सेट-टॉप बॉक्स केबलवाल्याने लावला, राऊटर तिसऱ्याने, इन्व्हर्टर चौथ्याने. एकाला दुसऱ्याचं माहीत नाही आणि बाबांना कुणाचंच नाही. मग नेट गेलं की फोन येतो. गंमत अशी की नेटच गेलेलं असतं, त्यामुळे व्हिडिओवर बघता येत नाही. नुसत्या आवाजावर दोन हजारांहून जास्त किलोमीटरवरून सांगायचं, "बाबा, ती काळी वायर." आणि तिकडे पाच काळ्या वायरी.

२०१९ च्या दिवाळीत सांगलीला गेलो तेव्हा प्लँटमधली पद्धत घरी लावली. टीव्हीमागची सगळी गाठोडी सोडली. प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना पांढरी पट्टी चिकटवली, तिच्यावर ठळक आकडा आणि शब्द. १ राऊटर, २ टीव्ही, ३ सेट-टॉप, ४ फोन. सेट-टॉपचं नाव घरात 'डबा' आहे म्हणून पट्टीवरही 'डबा' लिहिलं. कंपनीचं नाव लिहून बाबांना काय कळणार? इन्व्हर्टरवर चालणारी सॉकेटं हॉलमध्ये दोनच आहेत, त्यांना भोवती पिवळी चिकटपट्टी लावली. वायरी एकत्र बांधल्या त्या वेल्क्रोने, तेही सैल, जेणेकरून एक ओढली तर एकटी बाहेर यावी. आईला हे अजिबात आवडलं नाही. तिच्या मते घराचं इलेक्ट्रिकचं दुकान झालं. ती पिवळी पट्टी तर तिच्या डोळ्यात खुपायची, कारण दाराच्या तोरणाशी तिचा रंग जुळत नव्हता.

मे २०२१ मध्ये आई हॉस्पिटलातून घरी आली ती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेऊनच. तेव्हा मला इथून निघणं जमण्यासारखं नव्हतं. विमानं मोजकी, परतल्यावर हॉटेलात क्वारंटाइन आणि प्लँटमध्ये माणसं कमी. त्या दिवसांत आपल्यापैकी किती जणांनी फोन उशाशी घेऊन रात्री काढल्या ते मी वेगळं लिहायला नको. एका संध्याकाळी सांगलीत वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेले. हॉलमधला दिवा आणि पंखा इन्व्हर्टरवर चालू राहिला, पण मशीन होतं आईच्या खोलीत, साध्या सॉकेटवर. ते बंद पडलं आणि शिट्टी वाजवायला लागलं. बाबांचा फोन आला तेव्हा ती शिट्टी मला इथे ऐकू येत होती.

"बाबा, मशीनला चाकं आहेत. हॉलच्या दारापर्यंत ढकला. नळी लांब आहे, आईला उठवायचं नाही."

"ढकललं."

"आता टीव्हीमागे पिवळ्या पट्टीचं सॉकेट दिसतंय?"

"दोन दिसतायत. दोन्हीत काहीतरी आहे."

"दोन आकडा लिहिलेली वायर कुठल्यात आहे?"

"उजवीकडच्या. टीव्ही लिहिलंयस ती ना? काढू?"

"काढा. आणि मशीनचा प्लग तिथे लावा."

शिट्टी थांबली. मशीनची घरघर सुरू झाली, तीही मला ऐकू आली. कॉलच्या नोंदीत तो कॉल सहा मिनिटांचा दिसतो, त्यातली शेवटची दोन मिनिटं कुणीच काही बोललं नव्हतं. मग मी हिशोब केला. मशीन साडेतीनशे वॉटचं, बॅटरी बारा व्होल्ट दीडशे अँपिअर-तासाची, चांगल्या स्थितीत असेल तर निदान तीन तास निघतील. बाबांना पंखा बंद करायला सांगितला. लाइट तासाभरात आले. नाही आले असते तर काय, याचाही विचार करून ठेवला होता, पण तो इथे नको.

आई आता बरी आहे. पिवळी पट्टी अजूनही तिला आवडत नाही.

तेव्हा मंडळी, यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा दोन तास यासाठी काढा. पहिल्या दिवशी नको, तेव्हा पाहुणे असतात, आणि शेवटच्या दिवशी तर मुळीच नको. मधल्या एखाद्या दुपारी. पट्ट्या तुमच्या सोयीच्या करू नका, तिथे त्या क्षणी जो उभा असेल त्याच्या सोयीच्या करा. अक्षर मोठं आणि देवनागरीत. नाव घरात ज्या वस्तूला जे म्हणतात ते. आकडा दोन्ही टोकांना, कारण भिंतीपाशी एक टोक दिसतं आणि यंत्रापाशी दुसरं, मधलं कुणालाच दिसत नाही. लावून झाल्यावर दुसऱ्या खोलीत जाऊन बाबांना किंवा आईला फोन करा आणि एक वायर काढून परत लावायला सांगा. फोनवरूनच. समोर उभं राहून बोट दाखवायचं नाही. जिथे अडतील तिथली पट्टी बदला. आमच्याकडे 'अडॉप्टर' या शब्दावर अडलं होतं, तिथे आता 'काळा ठोकळा' लिहिलंय. इन्व्हर्टरवर कुठली सॉकेटं चालतात ते मेन स्विच बंद करून एकदा प्रत्यक्ष बघा. इलेक्ट्रिशियनने तोंडी सांगितलेलं धरून चालू नका. आणि टाय वापरायचेच असतील तर ते भिंतीवरून जाणाऱ्या, कधीच न हलवायच्या केबलीला. हाताशी येणाऱ्या कुठल्याही वायरला नाही.

इथल्या चार खोक्यांचं शेवटी असं झालं. बरंचसं भंगारात गेलं, थोडं शेजारच्या इंजिनिअर पोराने प्रयोगांसाठी नेलं आणि एक बुटांचा खोका उरला. त्यात बारा वायरी आहेत, प्रत्येकीला चिंधी आणि पट्टी, झाकणावर आतून यादी. इथून निघायची वेळ येईल तेव्हा तो खोका कुणाला द्यायचा झालाच तर यादीसकट देता येईल. कपाटात पाहुण्यांच्या बॅगेला जागा झाली आहे.

पट्टीवरची शाई मात्र टिकत नाही. टीव्हीमागच्या उष्णतेने म्हणा किंवा फडक्याने पुसल्यामुळे म्हणा, दोनेक वर्षांत आकडे पुसट होतात. सांगलीला गेलो की मी ते पुन्हा गिरवतो. गेल्या खेपेला मार्कर घेऊन टीव्हीमागे वाकलो तर सगळे आकडे आधीच ठळक होते. बाबांच्या थरथरत्या हाताने गिरवलेले. आणि मी न लावलेली एक पाचवी पट्टी होती, '५ मशीन' अशी, रिकाम्या पिवळ्या सॉकेटच्या वर.